ऐक्य की घटना? : रिपब्लिकन पक्षाच्या सुधारणेचा प्रश्न



आपल्या मंडळाच्या रविवारच्या अभ्यासवर्गात अकरावीतील एका मुलाने आम्हांस मध्यंतरी विचारले, "काका, बाबासाहेबांचा पक्ष नेमका कोणता?" प्रश्न साधा होता, परंतु उत्तर देताना आम्ही चाचरलो. निवडणूक आयोगाकडे 'रिपब्लिकन' नावाने नोंदलेले पक्ष एक-दोन नाहीत. एकमेकांपासून वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांतील कित्येकांच्या नावापुढे कंस असतो आणि त्या कंसात नेत्याचे आडनाव. मुलाला आम्ही त्या दिवशी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा ठरविले, की ते राहिलेले उत्तर येथे द्यावे.

आम्ही राजकारणी नाही. बँकेत खातेवह्या सांभाळणारे कारकून आहोत. त्यामुळे पक्षाकडे पाहण्याची आमची दृष्टीही थोडी खातेवहीची आहे, हे आधीच सांगून टाकतो.

इतिहासापासून सुरुवात करू. आपण ज्या परळ-नायगाव-दादरच्या गल्ल्यांतून रोज ये-जा करतो, त्यांतच या इतिहासाची बरीचशी पाने आहेत. मार्च १९२४ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा भरली आणि त्या वर्षीच्या जुलै महिन्यात बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. समाज त्या काळी अत्यंत गरीब, बहुसंख्य निरक्षर. तरीही सभेला लेखी नियम होते, अध्यक्ष होते, व्यवस्थापक मंडळ होते, चिटणीस होते. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष, बाबासाहेब व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख आणि सीताराम नामदेव शिवतरकर चिटणीस, अशी रीतसर मांडणी होती. ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत त्याने मुंबई इलाख्यात सतरा जागा लढविल्या आणि त्यांतील बहुसंख्य जिंकल्या. खोती नष्ट करण्याचे विधेयक याच पक्षाने मांडले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध गिरणी कामगारांनी एक दिवसाचा संप केला. त्यात हा पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता, आणि परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली. १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मात्र खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईतून पराभूत झाले आणि १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही त्यांना यश आले नाही.

या पराभवांतून बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. एका समाजगटाची संघटना कितीही निष्ठावान असली तरी ती लोकशाहीत सत्तेपर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी सर्व शोषितांना ज्याची दारे खुली असतील असा पक्ष हवा. ३० सप्टेंबर १९५६ रोजी दिल्लीत फेडरेशनच्या कार्यकारिणीने फेडरेशन विसर्जित करून रिपब्लिकन पक्ष काढण्याचा निर्णय घेतला. डॉ. राममनोहर लोहिया यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबईत त्यांनी राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण विद्यालय सुरू केले होते. श्री. शां. शं. रेगे त्याचे काम पाहत. विद्यार्थी अवघे पंधरा. त्यांना वक्तृत्व, कायदा, अर्थशास्त्र, विधिमंडळाचे कामकाज शिकवायचे होते. नेता घोषणेतून निर्माण होत नाही, तो अभ्यासातून घडवावा लागतो, ही त्यामागची धारणा होती. परंतु ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि पुढच्या वर्षी ते विद्यालयही बंद पडले. पक्ष प्रत्यक्षात ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला स्थापन झाला आणि एन. शिवराज त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

म्हणजे ज्यांनी पक्षाची कल्पना मांडली ते तो पाहायला राहिले नाहीत आणि ज्या विद्यालयातून त्याचे कार्यकर्ते तयार व्हायचे तेही राहिले नाही.

फूट कशावरून पडते?

पहिली फूट दोन वर्षांच्या आतच पडली. ॲड. बी. सी. कांबळे यांच्या गटाने स्वतःस 'दुरुस्त' म्हणवून घेतले; साहजिकच कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचा गट 'नादुरुस्त' ठरला. जुनी माणसे हा वाद 'सुटाबुटवाले' आणि 'धोतरवाले' यांचा म्हणून सांगत. त्यात थोडे तथ्य असेल, पण मूळ मुद्दा तेवढाच नव्हता. दादासाहेबांना भूमिहीनांचा प्रश्न रस्त्यावर आणावयाचा होता, त्यासाठी डाव्यांशीही सहकार्य करावयाचे होते. दुसऱ्या गटास त्यात कम्युनिस्टांचा शिरकाव दिसत होता आणि सनदशीर मार्ग सोडल्यासारखे वाटत होते. आमच्या मते दादासाहेबांची बाजू अधिक खरी होती. डिसेंबर १९६४ मध्ये सुरू झालेल्या भूमिहीन सत्याग्रहात लाखोंच्या संख्येने माणसे तुरुंगात गेली, ती काही एखाद्या पुढाऱ्याच्या शब्दाखातर नव्हे. पण कोण बरोबर होते हा आजचा विषय नाही. दोन प्रामाणिक मते असू शकतात आणि कोणते मत पक्षाचे, हे ठरविण्यासाठीच पक्षाला घटना असते. तो वाद त्या घटनेच्या चौकटीत मिटला नाही, ही आमची तक्रार आहे.

त्यानंतरची प्रत्येक फूट पाहा. १९६६ च्या सुमारास आर. डी. भंडारे काँग्रेसमध्ये गेले. १९६७ मध्ये खुद्द दादासाहेबांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी युती केली. पुढे बॅ. राजाभाऊ खोब्रागडे आणि रा. सू. गवई यांचे मार्ग वेगळे झाले. १९९० मध्ये रामदास आठवले काँग्रेसच्या मंत्रिमंडळात गेले, २०११ मध्ये त्यांनी शिवसेनेशी हातमिळवणी केली आणि २०१६ पासून ते केंद्रात भाजपच्या सरकारात राज्यमंत्री झाले. ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी १९९४ च्या सुमारास भारिप-बहुजन महासंघाची वाट धरली आणि २०१८ मध्ये वंचित बहुजन आघाडी उभी केली. तत्त्वावरून झालेली फूट यांत शोधावी लागते. प्रश्न दरवेळी एकच असतो : युती कोणाशी करायची आणि ते ठरवायचे कोणी? पहिल्या अर्ध्या प्रश्नावर आपण तासन्‌तास चर्चा करतो. दुसऱ्या अर्ध्यावर सहसा कोणी बोलत नाही.

१९७४ च्या जानेवारीत या प्रश्नाची किंमत मध्य मुंबईने रक्ताने मोजली. मध्य मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक होती. पुढारी काँग्रेसच्या पाठीशी होते, आणि दलित पँथरच्या तरुणांनी मतदानावर बहिष्कार पुकारला. वरळीच्या बी. डी. डी. चाळींत दंगल झाली. १० जानेवारीला परळमध्ये निघालेल्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण मारला गेला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. समाज कोणाच्या बाजूने आहे हे पुढाऱ्यांना मतपेटी उघडल्यावर कळले. पक्षाच्या शाखांना आधी विचारले असते, तर ते आठवडाभर आधी कळले असते.

वडिलांची पावती

आमचे वडील लालबागच्या गिरणीत कामाला होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जन्मदाखले आणि रेशनकार्ड यांच्या सोबत, रिपब्लिकन पक्षाच्या सभासदत्वाची एक जुनी पावती घडी घालून ठेवलेली असे. पक्ष किती वेळा फुटला, पण पावती एकच राहिली. लहानपणी आम्ही त्यांना विचारले होते, की ही पावती आता कोणत्या गटाची? ते म्हणाले, "ह्या पावतीवर कोणी कधी माझं मत विचारायला आलं नाही. जे आले, ते मतदारयादी घेऊन आले."

फेब्रुवारी १९९८ ची निवडणूक आम्हांस चांगली आठवते. नुकताच मताचा अधिकार मिळाला होता. आदल्या वर्षी, ११ जुलै १९९७ रोजी, घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली होती. समाज पेटलेला होता, आणि गटांनी एकत्र यावे म्हणून लोकांचा रेटा पुढाऱ्यांवर होता. ऐक्य झाले. काँग्रेसशी जागावाटप झाले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून प्रा. जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले असे चार खासदार निवडून आले. चौघेही खुल्या मतदारसंघांतून. आमच्या चाळीत त्या रात्री पेढे वाटले गेले. वडिलांनी ट्रंकेतून पावती काढून शेजाऱ्यांना दाखविली, जणू काही तिच्यावर लॉटरी लागली होती.

एप्रिल १९९९ मध्ये केंद्रातले सरकार एका मताने पडले. त्या वर्षीच्या निवडणुकीपर्यंत ऐक्यही संपले. चौघांपैकी कोणी कोणाला दगा दिला याच्या कथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत आणि आम्ही त्यांत पडत नाही. आमचा मुद्दा असा, की ते ऐक्य चार नेत्यांचे होते. चार सभासद-नोंदवह्यांचे नव्हते. शाखा एकत्र झाल्या नाहीत, त्यांच्या निवडणुका झाल्या नाहीत, म्हणून ऐक्य मोडताना कोणाला कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. बँकेत संयुक्त खाते असले, की ते बंद करायलाही सर्वांच्या सह्या लागतात. हे ऐक्य उघडायला चौघे लागले, बंद करायला एकाचीही सही लागली नाही.

कागद काय सांगतो?

येथे बँकेतील एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मंडळाचे दोन गट एकाच सकाळी आमच्या काउंटरवर आले. दोघांकडे मंडळाचे लेटरहेड, दोघांकडे शिक्का आणि दोघेही म्हणत, "आम्हीच खरे मंडळ." साहेबांनी खात्यावरील व्यवहार थांबविले आणि दोन्ही गटांना सांगितले, की सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, ठरावाची प्रत आणि धर्मादाय आयुक्तांकडील चेंज रिपोर्ट आणा. एका गटाकडे इतिवृत्त होते, सभासदांच्या सह्या होत्या. दुसऱ्याकडे फक्त आवाज होता. निकाल कागदानेच लागला.

आता राजकीय पक्षांकडे पाहा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २९-अ आले आणि १९८९ पासून पक्षांची नोंदणी त्याप्रमाणे होते. पक्षाने संविधानाशी, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा लिहून द्यावी लागते. आयोग किमान शंभर सभासद मागतो, आणि जास्तीत जास्त पाच वर्षांनी अंतर्गत निवडणुका घेण्याची तरतूद पक्षाच्या घटनेत असावी असे म्हणतो. परंतु निवडणुका खरोखर झाल्या का, हे पाहून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. विधी आयोगाने १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करावी अशी शिफारस केली होती. २०१५ च्या २५५ व्या अहवालातही तोच आग्रह धरला. या शिफारशी कागदावरच राहिल्या. जर्मनीच्या मूलभूत कायद्यात, हिटलरचा अनुभव घेतल्यावर, पक्षाची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे असे कलमच घातलेले आहे. आपल्याकडे शंभर सभासदांच्या धर्मादाय मंडळाला दरवर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो आणि पदाधिकारी बदलला तर कळवावे लागते, पण राज्य चालविणाऱ्या पक्षात अध्यक्ष कसा निवडला हे विचारणारा कोणी नाही!

हे केवळ आपल्याच पक्षाचे दुखणे आहे असे मात्र कोणी समजू नये. दादरच्या शिवसेना भवनासमोरून आपण जातो. जून २०२२ मध्ये तो पक्ष फुटला आणि खरा पक्ष कोणाचा, हा वाद १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशाखाली आयोगापुढे गेला. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निकाल लागला. पक्षाच्या घटनेवरून निर्णय करावा, तर पदाधिकारी निवडणुकीशिवाय नेमले जात असल्याने ती घटनाच लोकशाहीला धरून नाही, असे आयोगाने म्हटले. संघटनेत बहुमत कोणाचे ते पाहावे, तर विश्वासार्ह आकडे नाहीत. उरले आमदार-खासदार. ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार ज्यांच्याकडे, त्यांना नाव आणि धनुष्यबाण मिळाला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसच्या वादातही विधिमंडळातील संख्येवरच निर्णय झाला. वर्षानुवर्षे शाखेत राबलेला शिवसैनिक किंवा कार्यकर्ता या मोजणीत कोठेच नव्हता. निकाल कोणाला न्याय्य वाटो वा अन्याय्य, तो मोजला जावा असे रजिस्टरच नव्हते.

आता आपला विचार करा. मोठ्या पक्षाला फुटीनंतरही पैसा आणि सत्ता यांचा गोंद असतो. आपल्याकडे दोन्ही नाहीत. आपल्याकडे फक्त माणसे आहेत, आणि त्यांचीच नोंद आपण ठेवली नाही. फेडरेशनचे आणि पुढे रिपब्लिकन पक्षाचे हत्ती हे चिन्ह आज बहुजन समाज पक्षाकडे आहे, याची हळहळ अनेकांना वाटते. पण चिन्ह टिकते ते मतांच्या टक्केवारीवर, आणि ती कंसाकंसांत वाटली गेली की चिन्ह टिकत नाही, हा साधा हिशेब आहे.

कोसंबीचे भांडण

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, राजकारणातली व्यक्तिभक्ती हा अधोगतीचा आणि पर्यायाने हुकूमशाहीचा मार्ग आहे. ही गोष्ट आपण दर १४ एप्रिलला व्यासपीठावरून सांगतो, आणि खाली उतरून आपापल्या नेत्याचा फलक बांधतो. दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. भिक्खू संघाला संसदीय कामकाजाचे नियम ठाऊक होते, असे त्यांनी सभागृहाला दाखवून दिले. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, सारे काही. विनयात ठरावाला 'ञत्ती' म्हणतात. तो संघापुढे मांडायचा, पुन्हा पुन्हा घोषित करायचा. मतभेद झाल्यास शलाका, म्हणजे लाकडी कांड्या, वाटून मत घ्यायचे. शलाका वाटणारा भिक्खूही पक्षपात न करणारा असा संघाने निवडलेला असावा लागे.

याच विनयात कोसंबीच्या भिक्खूंची कथा आहे. एका क्षुल्लक दोषावरून संघाचे दोन तट पडले. स्वतः भगवंतांनी समजाविले तरी ऐकेनात, तेव्हा ते एकटेच पारिलेय्यक वनात निघून गेले. मग कोसंबीच्या उपासकांनी काय केले? या भिक्खूंना वंदन करायचे नाही आणि भिक्षाही घालायची नाही, असे ठरविले. पोटाला चिमटा बसल्यावर भिक्खू भानावर आले. येथपर्यंतची गोष्ट आपल्या १९९८ सारखीच आहे, लोकांच्या रेट्याने पुढारी एकत्र आले. फरक पुढे आहे. ते भिक्खू नुसते गळाभेट घेऊन थांबले नाहीत. ते श्रावस्तीला गेले, मूळ दोष काय होता ते विनयाप्रमाणे तपासले गेले, ज्याचा दोष होता त्याने तो कबूल केला, त्याला रीतसर संघात परत घेतले आणि मग एकत्र उपोसथ झाला. आपण रेटा लावला. श्रावस्तीला मात्र गेलो नाही.

म्हणून आमचे मत असे, की कोणत्याही गटाच्या कार्यकर्त्याने मत किंवा वर्गणी मागितली तर त्याला ऐक्य कधी, हे विचारण्याआधी सभासदांचे रजिस्टर दाखवा असे म्हणावे. शाखेची शेवटची निवडणूक कधी झाली, ते विचारावे. हिशेब कोणी तपासला, तेही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, युती कोणाशी हा निर्णय प्रतिनिधींच्या अधिवेशनात मतदानाने घेण्याचे कलम तुमच्या घटनेत आहे का, हे विचारावे. तसे कलम असते तर दुरुस्त-नादुरुस्तच्या वादात कोणी तरी हरला असता, पण पक्ष हरला नसता. स्त्रियांचा प्रश्नही येथेच येतो. शांताबाई दाणी यांच्यासारख्या कार्यकर्तीने फेडरेशनपासून काम केले, विधान परिषदेपर्यंत त्या पोहोचल्या. सत्याग्रहात स्त्रिया लेकरे घेऊन तुरुंगात गेल्या. पण नेमणुकीने पदे वाटली जातात तेथे त्यांचे नाव शेवटी सुचते. मतदान झाले, तर आमच्या चाळीतले चित्र तरी नक्कीच बदलेल.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील, गरिबांच्या पक्षाला ही कागदपत्रे कसली? त्यांना आम्ही नम्रपणे १९२४ ची आठवण देतो. आजच्यापेक्षा कितीतरी गरीब असलेल्या माणसांनी परळमध्ये नियम लिहूनच सुरुवात केली होती.

अभ्यासवर्गात येत्या पावसाळ्यात आम्ही एखाद्या पक्षाची घटना आणि आपल्या मंडळाची नियमावली शेजारी शेजारी ठेवून वाचणार आहोत. विद्यार्थ्यांनी वही घेऊन यावे. गेल्या वार्षिक सभेत बारावीतील एका मुलीने उठून विचारले होते, की जयंतीच्या मंडप खर्चाची एक पावती हिशेबात दिसत नाही. खजिनदार रागावले, मागून कोणीतरी "खाली बस" असेही म्हणाले. ती उभीच राहिली. आठ दिवसांनी पावती खजिनदारांच्याच घरी एका जुन्या डायरीत सापडली. पुढच्या बैठकीत ती त्यांनी स्वतः वाचून दाखविली, आणि चिटणिसांनी तिचा क्रमांक इतिवृत्तात लिहून घेतला.